सीलने फिन ओढला तेव्हा: फार्न बेटांवरच्या भीतीची गोष्ट

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये उभे असाल तर एक हात वरच्या कडीला घट्ट असू द्या, कारण आज आपण थेट पाण्याखाली जातोय. आणि हे पाणी आपल्या मालवणचं नाही. बारा अंशांचं आहे. फ्रिजमधली बाटली काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवली की पाणी जेवढं गार राहतं, साधारण तेवढं.

गोष्ट सुरू होते माझ्या डाव्या पायापासून.

ऑक्टोबर महिना होता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फार्न नावाची बेटं आहेत. तिथे सातआठ मीटर खोलीवर मी एका खडकाला धरून पडले होते. आजूबाजूला केल्प, म्हणजे लांब तपकिरी पट्ट्यांसारखं समुद्री शेवाळ, वाऱ्यावर पडदा हलावा तसं हलत होतं. अचानक डाव्या पायाला ओढ बसली. मला वाटलं, बडी बोलावतोय. वळून बघते तर गोल डोकं, कुत्र्यासारखं लांबट तोंड, मिशा आणि काळेभोर टपोरे डोळे! एक तरुण सील माझा फिन तोंडात धरून ओढत होता. घरातलं कुत्र्याचं पिल्लू पाहुण्यांची चप्पल पळवतं ना, अगदी तसं.

मी तेव्हा न्यूकॅसलला शिकत होते. स्कुबा शिकले होते आपल्या तारकर्लीला, कोमट पाण्यात. इंग्लंडमध्ये ड्रायसूटचं वेगळं ट्रेनिंग घेतलं आणि मग फार्नला निघाले. माझी रूममेट नागपूरची. ती म्हणाली, "काहून जातेस गं? थंडीच पाहिजे तर खिडकी उघड ना, फुकट आहे!" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्या फिनच्या ओढीनंतर मी थंडी विसरले.

बोटीवर परत आल्यावर कॉफीचा मग हातात धरून मी बोटवाल्या काकांना विचारलं, "हे सील माणसांना घाबरत कसे नाहीत हो?" ते साठीच्या पुढचे, तिथलेच. दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "हे आत्ताचे घाबरत नाहीत. यांच्या आज्यांना विचारायला हवं होतंस."

ते एक वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे. सीलच्या आज्यांनी असं काय पाहिलं होतं?

आधी जागा समजून घेऊ

नकाशावर इंग्लंडच्या उजव्या कडेने वर वर जा. स्कॉटलंडच्या थोडं अलीकडे नॉर्थम्बरलँडचा किनारा लागतो. तिथे सीहाउसेस नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव आहे. समोर उत्तर समुद्रात काळ्या खडकांचा पुंजका दिसतो, तीच फार्न बेटं. किती आहेत? ते भरती-ओहोटीवर अवलंबून. ओहोटीला २५च्या वर मोजता येतात, भरतीला त्यातली बरीच बुडतात. उन्हाळ्यात इथे पफिन येतात, ते रंगीत चोचीचे गोंडस पक्षी. आणि पानगळीचे दिवस आले की सील पिल्लं घालायला खडकांवर चढतात.

हे आहेत ग्रे सील, राखाडी सील. शास्त्रीय नाव हॅलिकोरस ग्रायपस. अर्थ काय माहितीये? आकडी नाकाचं समुद्री डुक्कर! नाव ठेवणाऱ्यांनी खरंच नावं ठेवली. मोठा नर अडीचशे-तीनशे किलोचा. जगातल्या ग्रे सीलपैकी साधारण एक तृतीयांश ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती राहतात. म्हणजे या प्राण्याचं काय होणार, हे ठरवण्यात ब्रिटनच्या कायद्यांचा हात मोठा.

थंड पाण्यातला पहिला माणूस

आता तेराशे-साडेतेराशे वर्षं मागे जाऊ. सातव्या शतकात या भागात कथबर्ट नावाचे एक ख्रिस्ती संत होऊन गेले. त्यांचं चरित्र लिहिलं बीड नावाच्या इतिहासकाराने. आपलं बीड नाही हं, माणसाचं नाव! बीड सांगतो की कथबर्ट एकदा कोल्डिंगहॅमच्या मठात पाहुणे म्हणून गेले होते. रात्री सगळे झोपले की ते गुपचूप किनाऱ्यावर जायचे, गळ्यापर्यंत समुद्रात उभे राहायचे आणि पहाटेपर्यंत प्रार्थना करायचे. एका भिक्षूने लपून पाठलाग केला. त्याने पाहिलं ते असं: कथबर्ट बाहेर आले, वाळूत गुडघे टेकले आणि पाण्यातून दोन पाणमांजरं आली. त्यांनी श्वासाने त्यांचे पाय गरम केले आणि अंगाच्या केसांनी पुसून काढले.

खरं-खोटं सोडा. पण गंमत बघा, थंड पाणी, एक माणूस आणि जवळ येणारे समुद्री प्राणी, हे चित्र त्या किनाऱ्याला तेव्हापासून माहीत आहे. आणि कोल्डिंगहॅमच्या शेजारचं सेंट अ‍ॅब्स आज ब्रिटनमधल्या स्कुबावाल्यांच्या आवडत्या ठिकाणांपैकी एक आहे.

पुढे कथबर्ट ६७६ साली इनर फार्न या बेटावर एकटेच राहायला गेले आणि ६८७ साली तिथेच वारले. तिथल्या आयडर बदकांना कोणी त्रास द्यायचा नाही, असा नियम त्यांनी घातला असं सांगतात. म्हणून स्थानिक लोक आजही त्या बदकाला लाडाने कथबर्टचं बदक म्हणतात.

बदकांना संत मिळाला. सीलला नाही मिळाला.

कथबर्टनंतर काही शतकांनी डरहॅमच्या मठाचे भिक्षू याच बेटावर राहायला आले. त्यांच्या हिशेबात मासे येतात, तेल येतं आणि सीलही येतात. सील म्हणजे तेव्हा माल होता. चरबी वितळवली की दिव्याला तेल, कातडं कमावलं की बूट आणि पिशव्या. आणि शिकार फार सोपी होती. का, ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

सीलचं पिल्लू जमिनीवर जन्मतं. अंगावर पांढरे लोकरीसारखे केस, वजन साधारण १४ किलो. हे केस झडेपर्यंत ते पाण्यात सहसा जात नाही. आईचं दूध म्हणजे जवळजवळ लोणीच, त्यात निम्म्याहून जास्त फॅट असतं. अडीच-तीन आठवड्यांत पिल्लू तिप्पट वजनाचं होतं आणि तेवढ्या दिवसांत आई जवळपास उपाशी असते. मग ती निघून जाते. म्हणजे वर्षातले काही आठवडे असे असतात की अख्खी पुढची पिढी खडकावर पडून असते आणि पळू शकत नाही. समुद्रात सीलला पकडणं महाकठीण. पण त्या आठवड्यांत? हातात एक दांडकं असलं तरी पुरे.

१९१४: चुकीच्या आकड्यातून आलेला चांगला कायदा

विसावं शतक उजाडेपर्यंत ब्रिटनमध्ये सील इतके कमी दिसू लागले की लोकांना काळजी वाटायला लागली. सगळ्या देशात मिळून जेमतेम ५०० ग्रे सील उरलेत, असा आकडा तेव्हा सांगितला जायचा. आणि १९१४ साली, ज्या वर्षी युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, ब्रिटिश संसदेने ग्रे सील संरक्षण कायदा केला. १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर, म्हणजे पिल्लांच्या काळात, ग्रे सील मारायला बंदी.

याचं महत्त्व काय? तोपर्यंत प्राण्यांच्या शिकारीवर बंधनं असायची ती बहुतेक करून शिकारीसाठीच. हरणं टिकली पाहिजेत, का? तर पुढच्या वर्षी मारायला हवीत म्हणून. सील काही असा शिकारीसाठी राखलेला प्राणी नव्हता. म्हणजे एका रानटी सस्तन प्राण्याला, तो संपू नये एवढ्याच कारणासाठी, ब्रिटनने कायद्याचं कवच दिलं. आणि हे अशा काळात, जेव्हा माणसं माणसांना मारायला रांगा लावत होती.

आता यातली गंमत. तो ५००चा आकडा बहुधा खूपच कमी धरलेला होता. दूरदूरच्या खडकांवर जाऊन मोजलंच कोणी नव्हतं. म्हणजे कायदा चांगला, पाया कच्चा. १९३२ साली बंदीचे महिने वाढवले. त्याआधी १९२५ साली फार्न बेटं नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली होती. सील वाढू लागले. आणि सील वाढले की एक नवा प्रश्न वाढतो, तो पुढे बघू.

माणूस पाण्याखाली पोचतो

इथे थोडं थांबून दुसरा धागा उचलते, कारण माझ्या फिनपर्यंत पोचायचं तर मुळात फिन घालणारा माणूस पाण्याखाली यायला हवा.

१९४३ साली फ्रान्समध्ये नौदलातला अधिकारी जाक कूस्तो आणि इंजिनीयर एमिल गान्यॉं यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात रेग्युलेटर. श्वास ओढला की पाहिजे तेवढीच हवा येते आणि तीही त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाला जुळणारी. त्याआधी पाणबुडे म्हणजे डोक्यावर पितळी हेल्मेट, पायात शिशाचे बूट आणि बोटीला बांधलेली हवेची नळी. सील अशा माणसाबरोबर काय खेळणार?

पण अजून एक अडचण होती, थंडी. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने खेचून घेतं. यावर उपाय शोधला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. हा माणूस आधी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेला. १९५१-५२च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की माणूस कोरडा राहायलाच हवा असं नाही. सूटच्या कापडात हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतील, तर आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने गरम होतं आणि तसंच राहतं. निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा वेटसूट तिथून आला. मी घातलेला ड्रायसूट वेगळा, त्यात पाणी शिरतच नाही, आत स्वेटर घालता येतो. (माझ्या मानेपाशी शिरलं होतं, ती गोष्ट वेगळी. थर्मल ओलं झाल्यावर नागपूरची खिडकी आठवली.)

१९५३ साली ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब सुरू झाला आणि हौशी लोक गार पाण्यात उतरू लागले. आता तुम्हाला वाटेल, ही निसर्गप्रेमी माणसं असणार. नाही हो! सुरुवातीच्या कितीतरी डायव्हरच्या हातात भाला असायचा. कूस्तोचंच घ्या. १९५६ साली त्याच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या फिल्मला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या फिल्ममध्ये त्याची टीम मासे मोजण्यासाठी प्रवाळाच्या खडकात सुरुंग उडवते आणि एका जखमी व्हेलच्या पिल्लावर तुटून पडलेल्या शार्कना बोटीवर ओढून ठार मारते. हाच कूस्तो पुढे समुद्र वाचवा म्हणून जगभर फिरला. माणसं बदलतात. पण आधी काय होतं, ते लक्षात ठेवलेलं बरं.

दोन ग्रेस

फार्न बेटांवर ग्रेस हे नाव प्रसिद्ध आहे. ग्रेस डार्लिंग, लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी. ७ सप्टेंबर १८३८ला फॉरफरशायर नावाचं जहाज बिग हारकर या खडकावर फुटलं. ती वडिलांबरोबर साधी वल्ह्याची होडी घेऊन वादळात गेली आणि माणसं वाचवून आणली. सगळा ब्रिटन तिच्यासाठी वेडा झाला होता.

मला सांगायची आहे ती दुसरी ग्रेस, ग्रेस हिकलिंग. ही नॉर्थम्ब्रियाच्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळाची कार्यकर्ती. १९५१ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक काम सुरू केलं. निसरड्या खडकांवर चढायचं, चिडलेल्या सीलमाद्यांना चुकवायचं आणि पिल्लांना नंबराचा बिल्ला लावायचा. कशासाठी? तर ही पिल्लं जातात कुठे, ते कळावं म्हणून. तोवर कोणालाच माहीत नव्हतं. काही पिल्लं थेट नॉर्वेच्या किनाऱ्यावर सापडली! आईने सोडून दिलेलं, कोणी काही न शिकवलेलं, काही आठवड्यांचं पोर अख्खा उत्तर समुद्र ओलांडून जात होतं.

सील हा आता माल राहिला नव्हता. त्याला नंबर होता, प्रवास होता, गोष्ट होती. पण नंबर मिळाले की मोजणी येते. आणि मोजणी आली की कोणीतरी म्हणतंच, "फार झालेत."

आज्यांनी पाहिलेली वर्षं

मच्छीमारांची तक्रार जुनी होती. सील जाळ्यातले सामन मासे खातात, जाळी फाडतात. शिवाय सीलच्या पोटात वाढणारा एक जंत कॉड माशाच्या मांसात सापडतो आणि मग तो मासा कोणी घेत नाही. तक्रार खोटी नव्हती. एखाद्या मोसमाचं उत्पन्न गेलं तर त्या छोट्या गावात काय होतं, हे आपल्या कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला विचारा. १९६३ ते १९६५ या तीन मोसमांत सरकारच्या परवानगीने फार्नवर पिल्लं मारण्यात आली. लोकांनी ओरड केली आणि ते थांबलं.

१९७० साली सीलसाठी नवा कायदा आला. पण त्यात परवाना घेऊन मारायची वाट ठेवली होती आणि जाळ्याजवळ आलेल्या सीलला मारायची सूटही.

मग आलं १९७२. या वेळी मारण्याचा निर्णय घेतला तो बेटं राखणाऱ्या नॅशनल ट्रस्टनेच. हो, ज्यांच्याकडे रक्षण होतं त्यांनीच. का? तेव्हा फार्नवर वर्षाला दोन हजारांच्या आसपास पिल्लं जन्मत होती. जागा तेवढीच. गर्दीत पिल्लं चिरडून, आईपासून हरवून मरत होती. आणि काही बेटांवर जी पातळ माती आहे, ती सीलच्या वजनाखाली उखडून वाहून जात होती. त्या मातीत पफिन बिळं करून अंडी घालतात. माती गेली की पफिन गेले. म्हणजे प्रश्न असा होता: सील की पफिन? १९७२ साली आणि पुन्हा १९७५ साली बंदुका घेऊन माणसं बेटांवर गेली. शेकडो माद्या आणि त्यांची पिल्लं मारली गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती: किती दुष्ट! पण दोन-तीनदा वाचल्यावर तेवढं सोपं वाटेना. हे निर्णय घेणारे लोक बेटांवर प्रेम करणारे होते. त्यांनी मोजणी केली होती, हिशेब मांडला होता. आणि तरीही मला वाटतं, त्यांनी सगळ्यात शेवटी करायची गोष्ट आधी केली. कारण पुढे एक साधा उपाय सापडला. पानगळीच्या सुरुवातीला रखवालदार मातीच्या बेटांवर फिरायचे, सीलना हुसकायचे, म्हणजे ते नुसत्या खडकांच्या बेटांवर जाऊन पिल्लं घालायचे. बंदूक नाही, फक्त चालणं.

१९७८ साली अजून उत्तरेला, स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर, सरकारने जवळपास पाच हजार सील मारायचं ठरवलं. त्यासाठी नॉर्वेहून शिकारी आणले. पण आता घराघरात टीव्ही होता. ग्रीनपीसचं रेनबो वॉरियर हे जहाज तिथे पोचलं, कार्यकर्ते शिकाऱ्यांच्या आणि सीलच्या मध्ये उभे राहिले. पंतप्रधान जेम्स कॅलहन यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. ऑक्टोबरमध्ये सरकारने माघार घेतली.

आता बोटवाल्या काकांचं वाक्य परत आठवा, आणि एक साधं गणित करू. ग्रे सीलची मादी तीस-पस्तीस वर्षं जगू शकते. आणि माद्या पिल्लं घालायला वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतात. म्हणजे १९७५ साली पाच वर्षांची असलेली, बंदुकांमधून वाचलेली मादी २००५पर्यंत त्याच खडकावर येत असू शकते. बोटवाल्या काकांनी तिशी-चाळिशीत ज्या डायव्हरना तिथे सोडलं असेल, त्यांच्यासमोर कदाचित अशीच एखादी आजी आली असेल. लांबून बघत असेल, जवळ येत नसेल. आणि माझा फिन ओढणारा तो टवाळ तरुण? त्याने बंदूक पाहिलेलीच नव्हती. त्याच्या आईनेही बहुधा नसेल.

मैत्री फार जुनी आहे असं आपल्याला वाटतं. ती दोन पिढ्यांची आहे फक्त.

टाळी

आता एक छान गोष्ट. बेन बर्व्हिल नावाचे एक डॉक्टर आहेत, न्यूकॅसल विद्यापीठाशी जोडलेले संशोधक आणि फार्नला सीलबरोबर वर्षानुवर्षं डाइव्ह करणारे. त्यांना पाण्याखाली एक आवाज ऐकू यायचा. बंदुकीच्या बारासारखा, खट्ट! पुस्तकं म्हणायची, सील आवाज काढतात ते गळ्यातून. पण बेन यांना वाटायचं की हे वेगळं आहे. कॅमेऱ्यात पकडायला त्यांनी १७ वर्षं प्रयत्न केला. शेवटी ऑक्टोबर २०१७मध्ये फार्नलाच जमलं. एक नर पोहता पोहता पुढचे दोन्ही पंजे एकमेकांवर आपटतो. टाळी! पाण्याखाली! २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. इतर नरांना "लांब राहा" आणि माद्यांना "मी आहे इथे", असा काहीसा तिचा अर्थ असावा.

तुम्हीच सांगा, हे कसं कळलं? सीलला पिंजऱ्यात ठेवून नाही. एक माणूस वर्षानुवर्षं गार पाण्यात गप्प पडून राहिला आणि सीलने त्याच्यासमोर आपले व्यवहार चालू ठेवले, म्हणून कळलं. जो प्राणी आपल्याला बघून पळतो, त्याच्याबद्दल आपल्याला फक्त तो पळतो एवढंच कळतं.

माझा हात

आता एक कबुली. फिन ओढल्यावर मी काय केलं? हात पुढे केला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला. दुसऱ्या हातात कॅमेरा होता, डोक्यात रील होती, कॅप्शनसुद्धा तयार होतं. सोबतच्या गाइडने माझं मनगट धरलं आणि हलकेच खाली केलं. वर आल्यावर ती म्हणाली, "त्याने यायचं, आपण जायचं नाही." बस, एवढंच.

मला राग आला होता, खरं सांगते. पण नंतर कळलं. सील चावला तर त्याच्या तोंडातल्या जंतूंनी बोट सडायची वेळ येते, हा एक भाग. मोठा भाग वेगळाच आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून वर खडकावर पिल्लं असतात. माणसांना पाहून आई घाबरून पाण्यात धावली, तर पिल्लू चिरडतं किंवा उपाशी राहतं. १९७२ला जे बंदुकीने केलं, ते आता गर्दीने होऊ शकतं. बोट, ड्रोन, सेल्फी. आपल्या मनात वाईट काही नसतं, पण पिल्लाला त्याचा काय उपयोग?

मला मालवणमधली माझी पहिली डाइव्ह आठवली. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकला होता. मासेच मासे! फोटो भारी आले. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आता खटकतं. मालवणचा समुद्र १९८७पासून अभयारण्य आहे. आणि आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ सालीच, ज्या वर्षी फार्नवर बंदुका गेल्या. त्या कायद्यात व्हेल शार्कचं नाव यायला २००१ साल उजाडलं. त्याआधी गुजरातच्या किनाऱ्यावर त्यांची सर्रास शिकार व्हायची. म्हणजे ही गोष्ट फक्त गोऱ्यांच्या देशातली नाही.

ब्रिटनमध्ये मार्च २०२१पासून मासेमारी वाचवण्यासाठी सील मारायचे परवाने आणि जाळ्याजवळची ती जुनी सूट, दोन्ही बंद झाली. यात प्राणिप्रेम होतंच, पण व्यापारही होता. अमेरिकेने ठरवलं होतं की जिथे मासेमारीत समुद्री सस्तन प्राणी मारले जातात, तिथले मासे घेणार नाही. इतिहासात चांगल्या गोष्टी नेहमी चांगल्या कारणांनीच होतात असं नाही. झाल्या, हे महत्त्वाचं. मच्छीमारांचा प्रश्न अजून संपलेला नाही आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर तीच भांडणं परत येतील. फार्नवर आता वर्षाला अडीच हजारांहून जास्त पिल्लं मोजली जातात. परत कोणीतरी म्हणेल, "फार झालेत." तेव्हा आपण काय उत्तर देणार, ते आत्ताच ठरवलेलं बरं.

त्या दिवशी दुसऱ्या डाइव्हला मी कॅमेरा बोटीवर ठेवला. खडकाला धरून पडून राहिले, हात पोटाशी. दहा मिनिटं काहीच नाही. बोटं बधिर झाली. मग केल्पमधून एक डोकं बाहेर आलं, माझ्या मास्कपासून हातभर अंतरावर थांबलं आणि मिशा हलवत बघत राहिलं. तो आधीचाच होता की दुसरा, देव जाणे. मी त्याला बघत होते, तो मला. मग त्याला कंटाळा आला आणि तो गेला.

त्याचा फोटो माझ्याकडे नाही.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुम्ही मालवणला, अंदमानला, नेत्राणीला डाइव्ह केली असेल आणि एखाद्या प्राण्याने तुमच्याकडे असं थांबून पाहिलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात निवडक ऐकवीन. आणि हो, रूममेटला हा भाग पाठवलाय. तिचं उत्तर आलं, "बरं झालं गेलीस. पण मी नाही येणार."

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या आणि हात जरा आवरते ठेवा!